आकाशाला टेकू कुणाचा?

दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते. जुलैत जे अंतर १५ कोटी २१ लाख किलोमीटर असतं, ते या दिवसांत १४ कोटी ७१ लाखांपर्यंत खाली येतं आणि पृथ्वीचा वेग सेकंदाला ३० किलोमीटरच्या वर जातो. त्यानंतर आठ-दहा दिवसांत सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. मानाचे सात नंदीध्वज निघतात, सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. शहराला प्रदक्षिणा घालणाऱ्या त्या गर्दीच्या पायाखालची जमीन तेव्हा वर्षातल्या जवळजवळ सर्वांत मोठ्या वेगानं सूर्याला प्रदक्षिणा घालत असते.

नंदीध्वज कोण पेलतं ते दिसतं. भक्त आळीपाळीनं खांदा देतात, घाम गाळतात, तोल सावरतात. पृथ्वी कोण पेलतं? चंद्राला कोण धरून ठेवतं? हा प्रश्न आज विज्ञानाच्या पुस्तकातल्या एका धड्याचा वाटतो. हजार वर्षांपूर्वी तो ईश्वराच्या अस्तित्वाचा प्रश्न होता, आणि त्यावर या देशात फार गंभीरपणे वाद घातला गेला.

दहाव्या शतकातले मिथिलेचे नैयायिक उदयनाचार्य यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरसिद्धीसाठी जी अनुमानं मांडली, त्यांतलं एक ‘धृती’चं आहे. धृती म्हणजे धरून ठेवणं. युक्तिवाद असा : जगाला गुरुत्व आहे, म्हणजे वजन आहे. वजन असलेली वस्तू आधार नसेल तर पडते. जग पडत नाही. तेव्हा कुणीतरी जाणतेपणानं, प्रयत्नानं ते धरून ठेवलं असलं पाहिजे. उदयनांचा दृष्टांत आकाशात उडणाऱ्या पक्ष्याचा आहे. त्यानं चोचीत धरलेली काडी पडत नाही, कारण धरणारा आहे. यामागे श्रुतीचं बळही होतं. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य गार्गीला सांगतात की सूर्य-चंद्र अक्षराच्या, म्हणजे अविनाशी ब्रह्माच्या, शासनात धरलेले आहेत. उदयनांनी नुसतं श्रुतिवचन पुढे केलं नाही, तर्क दिला. ईश्वर न मानणाऱ्याशी त्याच्याच अंगणात जाऊन वाद घालायची ही हिंमत आजही आदर वाटावा अशी आहे.

बाराव्या शतकात, सिद्धरामेश्वर सोन्नलगीत म्हणजे आजच्या सोलापुरात तळं खोदवून घेत होते आणि ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ या मुद्रेनं कन्नड वचनं रचत होते, त्याच शतकात सह्याद्रीच्या आश्रयाला राहणाऱ्या एका गणितज्ञानं हा धरणारा कोण, याचा वेगळाच विचार केला. भास्कराचार्यांचा जन्म १११४चा, ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५०चा. त्यांचं गाव चाळीसगावजवळचं पाटण की विजापूर, यावर अभ्यासकांत वाद आहे. पाटणच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची वंशावळ मात्र कोरलेली आहे. ‘गोलाध्याया’त ते विचारतात : पृथ्वीला कुणी मूर्त वस्तू धरून आहे असं मानलं, तर त्या वस्तूला कोण धरतं? तिला दुसरी, दुसरीला तिसरी. ही साखळी कुठेच थांबत नाही. शेवटच्या कुणालातरी स्वतःच्या शक्तीनं उभं राहता येतं असंच म्हणायचं असेल, तर ती शक्ती पहिल्यापासून पृथ्वीचीच का मानू नये? आणि मग ते आणखी एका गोष्टीची आठवण करून देतात, जी सोलापूरकरांनी मुद्दाम लक्षात घ्यावी : पृथ्वी ही अष्टमूर्ती शिवाच्या मूर्तींपैकीच एक आहे.

भास्कराचार्यांनी इथे टेकू काढून घेतला, पण शिवाला बाहेर घालवलं नाही. बाहेरून धरणाऱ्या देवाच्या जागी त्यांनी वस्तूच्या स्वभावातच असलेला देव ठेवला. पुढे लगेच ते पृथ्वीला आकर्षणशक्ती असल्याचं सांगतात : आकाशातली जड वस्तू पृथ्वी आपल्याकडे ओढते आणि ती पडल्यासारखी दिसते, चहूकडे आकाश सारखंच असताना खुद्द पृथ्वीनं पडायचं कुठे?

यावरून ‘न्यूटनच्या आधी आमच्याकडे’ असं म्हणायचा मोह अनेकांना होतो. तो आवरायला हवा. भास्कराचार्यांची पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी स्थिर आहे. जी शक्ती दगड ओढते तीच चंद्राला वळवते, असं त्यांनी म्हटलेलं नाही. अंतर वाढलं की ओढ किती घटते याचं गणितही त्यांच्याकडे नाही. पृथ्वी सतत खाली पडते आहे, असं म्हणणाऱ्या बौद्ध मताचं त्यांनी खंडन केलं. त्यांचं म्हणणं, पृथ्वी पडत असती तर वर फेकलेला दगड तिला परत गाठू शकला नसता. तर्क पक्का होता, पण जड-हलकं सगळं सारख्याच वेगानं पडतं हे त्या काळी कुणाला ठाऊक नव्हतं. ते गॅलिलिओनं दाखवलं. १९७१ साली अपोलो १५च्या डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडून जगाला डोळ्यांनी बघायला लावलं. पृथ्वी खरोखर पडते आहे, सूर्याकडे पडते आहे, आणि आपण, आपले दगड, आपली तळी, सगळेच तिच्याबरोबर सारखेच पडत असल्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही.

पडते आहे तर आपटत का नाही?

यात्रेच्याच दिवसांत मंगळवेढ्याच्या काळ्या रानात शाळू निसवून दाण्यावर आलेला असतो आणि पाखरं राखायला माळ्यावर कुणीतरी गोफण घेऊन उभं असतं. गोफणीची एक दोरी बोटात अडकवलेली, दुसरी चिमटीत. मधल्या पट्टीत खडा ठेवून हात डोक्याभोवती फिरतो. दोरी ताणलेली असते तोवर खडा गोल फिरतो. चिमटीतली दोरी सुटली की खडा ज्या क्षणी ज्या दिशेला चालला होता त्या दिशेनं सरळ निघून जातो. हातापासून लांब बाहेर फेकला जात नाही, वर्तुळाला स्पर्श करणाऱ्या रेषेनं जातो. राखण करणाऱ्याला हे हातानं ठाऊक असतं. म्हणून तो पाखरांच्या थव्याकडे हात आल्यावर दोरी सोडत नाही, त्याच्या पाव वळसा आधी सोडतो. खड्याची सरळ जायची ही ओढ म्हणजे जडत्व. दोरीचं त्याला क्षणोक्षणी आत वळवणं, हे आकाशात गुरुत्वाकर्षणाचं काम.

चंद्राच्या बाबतीत आकडे फार सुंदर जुळतात. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येच्या साठपट. सोलापुरात झाडावरून सुटलेली चिंच पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येते. ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असेल, तर साठपट अंतरावर ती ३६०० पट कमी व्हायला हवी, म्हणजे चंद्र एका सेकंदात १.३६ मिलिमीटर पडायला हवा. तो तेवढाच पडतो. त्याच सेकंदात तो आडवा मात्र एक किलोमीटरहून थोडा जास्त पुढे गेलेला असतो. पडणं आणि पुढे जाणं यांची ही सांगड अशी बसली आहे, की पडत राहूनही तो पृथ्वीवर कधी पोचत नाही. न्यूटननं १६६६च्या सुमारास हा ताळा करून पाहिला आणि १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’त जगापुढे मांडला. ऑगस्ट २०२३मध्ये चंद्रयान-३ चंद्राजवळ पोचलं तेव्हा त्याची इंजिनं वेग कमी करण्यासाठी चालवावी लागली. नाहीतर ते चंद्राला वळसा घालून निघून गेलं असतं. इस्रोच्या शास्त्रज्ञांना तिथे कुठलंही यान धरून ठेवायचं नव्हतं. त्यांनी वेगाचा हिशेब जमवला, आणि पुढचं काम पडण्यानंच केलं.

उदयनांच्या अनुमानाचा पायाच इथे सरकतो. ‘जग पडत नाही’ हे त्यांचं गृहीत आहे, आणि जग तर पडतंच आहे. चोचीतल्या काडीला पक्षी लागतो, कक्षेतल्या चंद्राला लागत नाही. धृतीवर उभं केलेलं ईश्वराचं अनुमान आज टिकत नाही, हे श्रद्धाळू माणसानंही मोकळेपणानं मान्य करायला हवं.

पण याहून खोल उलथापालथ जडत्वानं केली. वैशेषिकांनी गतीचा विचार बारकाईनं केला होता. बाण धनुष्यातून सुटतो तो धक्क्यानं. पुढे जात राहतो तो ‘वेग’ नावाच्या संस्कारानं. तो संस्कार ओसरला की वजनामुळे खाली पडतो. वेदान्तानं आणि सांख्यांनी हाच विचार मोक्षशास्त्रात नेला. ज्ञान झाल्यावरही ज्ञान्याचा देह का राहतो? कुंभारानं दांडा काढून घेतला तरी चाक आधीच्या वेगानं फिरत राहतं, तसं प्रारब्ध संपेपर्यंत देह चालतो. ईश्वरकृष्णांची सांख्यकारिका हा दृष्टांत देते, शंकराचार्यांचं भाष्यही देतं. या सगळ्यांत एक गोष्ट गृहीत आहे : गती आपोआप ओसरते. गॅलिलिओ, देकार्त आणि न्यूटन यांनी हे गृहीतच फिरवलं. गती आपोआप ओसरत नाही. चाक थांबतं ते आसाच्या आणि हवेच्या घर्षणामुळे. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर १ आज कुठल्याही इंजिनाच्या रेट्याशिवाय सेकंदाला सुमारे १७ किलोमीटरनं सूर्यमालेबाहेर चाललं आहे. चालत राहण्याला कारण लागत नाही. वळायला, थांबायला, वेग बदलायला लागतं.

म्हणजे ‘ग्रहांना कोण ढकलतं?’ हा प्रश्नच उरत नाही. सूर्यसिद्धान्तात काळाच्या अदृश्य मूर्ती ग्रहांना वाऱ्याच्या दोऱ्यांनी ओढतात. अॅरिस्टॉटलच्या विश्वाला स्वतः न हलणारा आद्यचालक लागतो. दोघांनीही ज्याचं कारण शोधलं, त्याला कारणच नको होतं. कुंभाराच्या चाकाचा दृष्टांत मात्र बाद होत नाही, उलट जास्त अचूक होतो. परंपराच सांगते की प्रारब्ध भोगून संपवावं लागतं. चाकाला घर्षण, तसा प्रारब्धाला भोग : झिजवणारं काही नसेल तर दोन्ही चालतच राहतील.

आता या गणितानं श्रद्धेच्या घरात जागा मिळवल्याचं सोलापूरचंच एक उदाहरण. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत देव्हाऱ्याजवळ किंवा खिळ्याला टांगलेलं दाते पंचांग सोलापुरातून निघतं. लक्ष्मणशास्त्री दाते यांनी ते शके १८३८मध्ये, म्हणजे १९१६ साली सुरू केलं. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी होते. चंद्र एकसारख्या वेगानं चालत असता, तर प्रत्येक तिथी एकाच लांबीची झाली असती. तशी ती नसते. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. पृथ्वीजवळ आला की तो झपाट्यानं चालतो, लांब गेला की रेंगाळतो. त्यामुळे एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मध्येच उरकते आणि क्षय मानली जाते, एखादी दोन सूर्योदय पाहते आणि वृद्धी होते. अख्खा चांद्रमास गळतो तो क्षयमासही थंडीच्या आसपासच येतो, कारण पृथ्वी तेव्हा सूर्याजवळ असते आणि सूर्य एक रास लवकर ओलांडतो. १९६३-६४ आणि १९८२-८३ साली तो येऊन गेला.

तिथी किती लांब किंवा आखूड होऊ शकते, यावर एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात कडाक्याचा धर्मवाद झाला. गणेश दैवज्ञांच्या १५२० सालच्या ‘ग्रहलाघवा’वरून पंचांगं करणाऱ्यांचा दंडक होता ‘बाणवृद्धी रसक्षय’ : तिथी साठ घटकांपेक्षा, म्हणजे एका दिवसापेक्षा, फार तर पाच घटका वाढेल, फार तर सहा घटका घटेल. दुर्बिणीनं आणि नव्या कोष्टकांनी गणित करणाऱ्यांच्या हाती आलं ‘सप्तवृद्धी दशक्षय’ : सात घटका वाढ, दहा घटका घट. म्हणजे तिथी वीस तासांची असू शकते आणि पावणेसत्तावीस तासांचीही. फरक कुठून आला? सूर्यही चंद्राला ओढतो. अमावास्या-पौर्णिमेला या ओढीचा परिणाम जुन्या गणितात जवळपास मुरून जातो, म्हणून ग्रहणं बऱ्यापैकी वेळेवर यायची आणि पंचांग खरं वाटायचं. अष्टमीच्या आसपास मात्र जुनं गणित चुकायचं. एकादशीलाही त्याची झळ लागते, आणि ज्या जिल्ह्यात पंढरपूर आहे तिथे एकादशी कोणत्या दिवशी हा काही बारीकसारीक प्रश्न नव्हे.

शास्त्री मंडळींचा एक पक्ष म्हणाला, धर्मकृत्याची तिथी ऋषींनी सांगितलेल्या गणितानंच धरायची, आकाशात काही का दिसेना. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टकें’ लिहून दुसरा पक्ष उभा केला. त्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक यांनी शुद्ध पंचांगाची चळवळ पुढे नेली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त सिद्धान्तकारही वेळोवेळी वेध घेऊन गणित सुधारत आले होते, हे साधार दाखवलं. विजापूरला स्थायिक झालेल्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी ‘ज्योतिर्गणित’ रचून नव्या गणिताला जुनी परिभाषा दिली. हे बहुतेक सगळे स्नानसंध्या करणारे, आस्तिक लोक होते. आकाश आणि पोथी यांचं पटेना, तेव्हा त्यांनी आकाश खरं मानलं आणि पोथी दुरुस्त केली. गुरुत्वाकर्षणाचा नियम देव्हाऱ्याशेजारच्या पंचांगात आला आणि एकादशीचा उपास त्यामुळे कमी पवित्र झाला नाही. आपल्या धर्मजीवनातली ही एक खरी मोठी घटना आहे. तिचा पुरेसा गौरव आजवर झालेला नाही.

याचा अर्थ पंचांगातलं सगळंच गणिताच्या पुण्याईवर खपवावं, असा नाही. तिथी आणि ग्रहण हे कक्षांचं गणित आहे, ते पडताळता येतं. जन्मकुंडलीवरून भविष्य सांगणं हे वेगळं. डॉ. जयंत नारळीकरांनी सहकाऱ्यांबरोबर पत्रिकांची रीतसर चाचणी घेतली तेव्हा ज्योतिषांची उत्तरं नाणेफेकीपेक्षा सरस ठरली नाहीत.

न्यूटनलाही श्रद्धेचा प्रश्न टाळता आला नाही. गोफणीची दोरी दिसते. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये दोरी कुठे आहे? १६९३ साली बेंटली या धर्मोपदेशकाला लिहिलेल्या पत्रात, एका जड पदार्थानं दुसऱ्यावर मध्ये काहीही नसताना परिणाम करावा, ही कल्पना त्यानं सपशेल अविचारी ठरवली. ग्रह एकमेकांना ओढून हळूहळू कक्षा बिघडवतील आणि देवाला अधूनमधून घडी नीट बसवावी लागेल, असंही त्याला वाटे. लायब्निट्झनं १७१५ साली आक्षेप घेतला की हा देव फारच कच्चा कारागीर ठरतो. पुढे १७८५च्या सुमारास लाप्लासनं दाखवलं की गुरू आणि शनी यांच्या गतीतला बिघाड सुमारे नऊशे वर्षांच्या फेऱ्यात आपोआप भरून येतो. देवासाठी राखून ठेवलेली आणखी एक जागा गेली. ज्या श्रद्धेला असल्या जागा लागतात, ती दर शतकाला माघार घेत राहणार, हे यावरून उघड आहे.

आणि तरी प्रश्न संपलेला नाही, तो मुळाशी गेला आहे. आइन्स्टाइननं १९१५ साली दोरीचा प्रश्न वेगळ्या वाटेनं सोडवला : वस्तुमानामुळे अवकाश-काल वक्र होतो आणि त्या वक्रतेत ग्रह आपल्या सरळ वाटेनंच चाललेला असतो. मग जडत्व तरी कुठून येतं? वस्तूला सरळ चालायचं आहे, पण सरळ कुणाच्या हिशेबानं? माख या ऑस्ट्रियन विचारवंतानं सुचवलं होतं की दूरच्या सगळ्या ताऱ्यांमुळे. कोल्हापुरात जन्मलेल्या नारळीकरांनी फ्रेड हॉईल यांच्याबरोबर १९६४मध्ये याच विचारावर गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त रचला : प्रत्येक कणाचं जडत्व विश्वातल्या इतर सर्व कणांमुळे आहे. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही. पण २०२५ साली पुण्यात निधन झालेल्या नारळीकरांचा हा सिद्धान्त नास्तिक-आस्तिक वादाच्या फार पलीकडचा प्रश्न विचारत होता : गोफणीतल्या खड्याला विश्व नसतं तर जडत्व असतं का?

धरणारा बाहेर शोधायचा की वस्तूच्या स्वभावात, यावर भास्कराचार्यांनी दिलेलं उत्तर उदयनांच्या उत्तरापेक्षा सरस आहे, श्रद्धेसाठीही आणि विज्ञानासाठीही. बाहेरचा टेकू गणित पुढे गेलं की काढावा लागतो. नियम आहे, तो सगळीकडे सारखा आहे आणि माणसाला तो कळू शकतो, याबद्दलचं नवल मात्र कुठल्याही शोधानं कमी झालेलं नाही. त्या नियमालाच कुणी शिव म्हणालं, तर भौतिकशास्त्राला त्यात हरकत घ्यायला जागा नाही. कुणी नाही म्हणालं, तरी चंद्र सेकंदाला तेवढाच पडेल.

हे नुसतं वाचून सोडू नये. सातवी-आठवीच्या मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना सहज जमेल असा प्रयोग आहे. पंचांगात कोणत्याही एका महिन्यातल्या तिथींच्या समाप्तीच्या वेळा वहीत एकाखाली एक उतरवाव्यात आणि लागोपाठच्या दोन वेळांची वजाबाकी करावी. काही तिथी बावीस तासांच्या आसपास निघतील, काही पंचवीस-सव्वीस तासांच्या. जिथे वजाबाकी सर्वांत लहान येईल, त्या सुमारास चंद्र पृथ्वीच्या जवळ होता. जिथे सर्वांत मोठी, तिथे तो लांब होता. दुर्बीण लागत नाही, वही-पेन्सिल पुरते.